१८८२ सालचं कोणतं पुस्तक खरं 'प्रभावी'?

दप्तरदार

'महाराष्ट्र घडवणारी दहा पुस्तकं', 'प्रत्येक मराठी माणसाने वाचायलाच हवीत अशी पंचवीस पुस्तकं' या याद्यांचा मला आता कंटाळा आलाय. तीच नावं, तोच क्रम, आणि खाली 'अमुक कसे विसरलात?' म्हणून भांडण. म्हणून जरा वेगळं करू. एकच वर्ष धरू, १८८२.

त्या एका वर्षात काय काय झालं बघा. मार्चमध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर गेले, वय अवघं ३१. 'निबंधमाला' या आपल्या मासिकाचे ८४ अंक मागे ठेवून. नवऱ्याच्या मृत्यूनंतर पंडिता रमाबाई लहानग्या लेकीला, मनोरमेला घेऊन पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पहिलं पुस्तक छापलं. कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणाविरुद्ध छापल्याबद्दलच्या खटल्यात, टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले आणि १०१ दिवसांनी सुटले. आगरकरांनी त्यावर लगोलग पुस्तकही लिहिलं. ऑक्टोबरात जोतीराव फुल्यांनी सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं: सरकार शेतकऱ्याच्या घामाच्या पैशावर वरच्या वर्गांना कॉलेजं काढून देतंय, खेड्यातल्या प्राथमिक शाळेचं काय?

आणि याच वर्षी पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून एक लहानसं पुस्तक निघालं. 'स्त्रीपुरुषतुलना'. लेखिका ताराबाई शिंदे, राहणार बुलढाणा. प्रती ५००, किंमत नऊ आणे.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे दगड मारायला सोपं जाईल. या सगळ्यांत विचार म्हणून सर्वांत पुढे गेलेलं लेखन ताराबाईंचं. आणि पुढच्या नव्वद वर्षांत सर्वांत कमी वाचलं गेलेलंही तेच. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापेपर्यंत एखाददुसरा अभ्यासक सोडला तर कुणाला पत्ता नव्हता. म्हणजे पुस्तकाचा प्रभाव हा त्यातल्या मजकुरावर ठरत नाही. त्याच्यामागे छापखाना कोणाचा, शाळा कोणाची आणि वारस कोण, यावर ठरतो. बोला.

पंतोजी_नाशिक

मुद्दा आकर्षक आहे, पण गाडी उलट्या दिशेने हाकताय. 'प्रभावी' म्हणजे ज्याने प्रभाव पाडला ते. ज्याच्या ५०० प्रती निघाल्या, दुसरी आवृत्ती नाही, लेखिकेने पुन्हा काही छापलं नाही, ते थोर असेल, धाडसी असेल, पण प्रभावी कसं?

त्या काळचं प्रभावी लेखन म्हणजे निबंधमाला. आवडो न आवडो. शास्त्रीबुवांनी, म्हणजे चिपळूणकरांनी, १८७४ पासून सात वर्षं एकहाती मासिक चालवलं. सरकारी नोकरीवर लाथ मारून १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल काढलं, त्या ओढीने टिळक-आगरकर आले, पुढच्या जानेवारीत केसरी-मराठा सुरू झाले. चित्रशाळा त्यांची, आर्यभूषण छापखाना त्यांचा. त्यांच्या पश्चात तीन वर्षांत फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं. मराठी गद्याला जो एक ताठा आला, लांब पल्ल्याचं वाक्य पेलायची जी सवय लागली, ती मालेमुळे. आज अग्रलेख लिहिणारा माणूस नकळत त्याच वळणाने लिहितो. याला प्रभाव म्हणतात.

दप्तरदार

पंतोजी, तुम्ही माझाच मुद्दा शाळा-छापखान्यासकट मांडलात. आभारी आहे. :)

भूमिपुत्र

'आवडो न आवडो' लिहिलंत म्हणून बरं. ज्यांना आवडत नाही त्यांच्या वतीने चार शब्द.

ज्या मालेतून मराठी गद्याला ताठा आला, त्याच मालेत जोतीरावांच्या 'गुलामगिरी'ची आणि त्यांनी काढलेल्या सत्यशोधक समाजाच्या अहवालाची टर उडवली गेली. विचारांचा प्रतिवाद जेमतेम, भर सगळा व्याकरणावर. फुल्यांना शुद्ध मराठी येत नाही, हाच काय तो निकाल. 'गुलामगिरी' १८७३ ची. अमेरिकेतल्या ज्या लोकांनी काळ्या गुलामांना मुक्त केलं त्यांना ती अर्पण केली आहे. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या सवालजबाबाच्या रूपात ती लिहिली आहे, कारण ती मनातल्या मनात वाचायची नव्हतीच, मोठ्याने वाचून दाखवायची होती. हे शास्त्रीबुवांच्या लक्षात आलं नाही, की आलं आणि त्यांनी सोडून दिलं, देव जाणे.

दप्तरदार, तुमचा छापखान्याचा सिद्धांत इथे लंगडा पडतो. फुल्यांच्या मागे ना फर्ग्युसन होतं ना केसरी. तरी विचार पोचला. कसा? जलशांतून. सत्यशोधक जलसे गावोगाव जायचे. गण व्हायचा, पण गणपतीचा नाही, निर्मिकाचा, म्हणजे फुल्यांनी मानलेल्या निर्मात्याचा. मग भटजी, सावकार, कुलकर्णी यांची सोंगं. ज्याला अक्षर येत नाही तो शेतकरी पारावर बसून 'गुलामगिरी'तलं तत्त्वज्ञान ऐकत होता आणि पोट धरून हसत होता. त्याच तालमीत पुढे आंबेडकरी जलसे आले, नाशकाकडे भीमराव कर्डक वगैरे.

आणि परिणाम? १९२५ मध्ये पुणे नगरपालिकेत फुल्यांच्या पुतळ्याचा ठराव आला तेव्हा त्यावरून रण माजलं. त्या वादातून जवळकरांचं 'देशाचे दुश्मन' निघालं, जवळकर-जेध्यांवर खटला झाला, त्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. आंबेडकर उभे राहिले आणि सुटकाही झाली. बाबासाहेबांनी शूद्र मूळचे कोण या विषयावरचा आपला १९४६ चा ग्रंथ फुल्यांना अर्पण केलाय. नव्वद-शंभर वर्षांचं महाराष्ट्राचं राजकारण या ओळीतून आलंय. व्याकरण चुकीचं होतं म्हणे.

उंबराचं_फूल

सगळे पुरुष ताराबाईंच्या धाग्यावर येऊन चिपळूणकर आणि फुले यांच्यावर भांडताय. ताराबाई वरून बघत असतील तर म्हणत असतील, 'बघा, सांगत नव्हते?'

पुस्तक कोणी वाचलंय इथे? वाचलं नसेल तर थोडक्यात सांगते.

निमित्त सुरतेचं. विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेने अनौरस मूल मारलं म्हणून १८८१ मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली. मुंबई हायकोर्टात ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आली, पुढे आणखी कमी होऊन पाच वर्षांवर. या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेणं सुरू झालं. 'पुणे वैभव' त्यात पुढे. बायका बिघडल्या, शिकल्या म्हणून बिघडल्या. त्या मुलाच्या बापाचं नाव कुठेच नाही. ताराबाई इथून सुरू करतात.

पद्धत अशी, की बायकांच्या दुर्गुणांची यादी देणारा एक संस्कृत श्लोक घ्यायचा आणि एकेक दुर्गुण पुरुषांच्या अंगाला लावून बघायचा. बायका कपटी? बरं, कचेरीत लाच खाणारे कोण? बायका संशयाचं घर? मग बायकोला कोंडून कोण ठेवतं? बायका मूर्ख? शिकू कोणी दिलं नाही? असं एकामागून एक. नवरा जर देव, तर त्याने देवासारखं वागावं, एवढी साधी अट. आणि मग सावित्री. सावित्री नवऱ्याच्या प्राणासाठी यमाच्या मागे गेली, तुमच्यापैकी कोणी बायकोसाठी त्या वाटेवर एक पाऊल तरी टाकलंय का? इथे तर बायको गेली की दहाव्या दिवशी दुसरी आणायची घाई.

हा भाग मी आईला वाचून दाखवला. ती मेथी निवडत बसली होती. सुरुवातीला 'कुठली गं ही बाई, फार तोंडाळ आहे' म्हणाली. दहाव्याच्या वाक्याला हात थांबला आणि म्हणाली, 'आमच्या आप्पांनी तेराव्यापर्यंत तरी दम धरला होता.' मग दोघी किती वेळ हसत होतो. तिला हे १८८२ चं आहे यावर विश्वास बसेना.

पंतोजी, प्रभावाचा पुरावा पाहिजे होता ना?

पंतोजी_नाशिक

तुमच्या आईंना नमस्कार सांगा. पण तो पुरावा वाचनीयतेचा आहे, ऐतिहासिक प्रभावाचा नव्हे. एखादा ताम्रपट हजार वर्षं जमिनीखाली होता आणि आज सापडला, तर त्याने आपल्याला इतिहास कळतो. त्याने इतिहास घडवला असं होत नाही.

बुलढाण्याचा_पोट्टा

आमच्या गावचं नाव आलं म्हणून खातं उघडल्यापासून पहिल्यांदा लिहितोय.

एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या लोकांच्या लक्षात येत नाही. तेव्हा वऱ्हाड म्हणजे निजामाचा मुलूख, इंग्रजांनी १८५३ पासून कारभारासाठी घेतलेला. म्हणून आमच्याकडे जिल्ह्याला कलेक्टर नव्हता, डेप्युटी कमिशनर होता. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे त्याच कचेरीत हेडक्लार्क. स्वतः सत्यशोधक, शिकलेल्या नेटिवांना चार गोष्टी सुनावणारं एक छोटं इंग्रजी पुस्तकही त्यांनी १८७१ मध्ये काढलं होतं. म्हणजे लिहिण्याची खोड घरातलीच. एकुलती लेक म्हणून तिला मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. जावई घरजावई करून घेतला. मूलबाळ नाही.

आता बघा. बुलढाणा डोंगरावर. रेल्वे धरायची तर राजूर घाट उतरून मलकापूर गाठायचं. गावात ना कॉलेज, ना साहित्यिकांची बैठक, ना वसंत व्याख्यानमाला. अशा ठिकाणी बसून ही बाई पुण्याची वर्तमानपत्रं वाचते, मुंबईच्या कोर्टातला निकाल वाचते, नव्या कादंबऱ्या वाचते आणि सगळ्यांचा एकदम समाचार घेते. पुण्यात असती तर? एक तर तिच्याभोवती मंडळ जमलं असतं, किंवा तिला इतका त्रास झाला असता की लिहिलंच नसतं. मला दुसरं जास्त खरं वाटतं.

जाता जाता, आमच्या आजीच्या पिढीला हे नावही माहीत नव्हतं. गावातल्या मुलींना आता कॉलेजात आल्यावर कळतं.

सुलभा_दौंड

रमाबाईंवर कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते. दप्तरदारांचा सिद्धांत त्यांच्यावर घासून बघा, मला वाटतं तो तुटतो.

दोन बायका, एकच वर्ष, एकच शहर छपाईचं. रमाबाई तेव्हा चोवीस वर्षांच्या, संस्कृत पंडिता, कलकत्त्याने 'सरस्वती' पदवी दिलेली. रानड्यांच्या घरापासून सगळीकडे उठबस. त्यांचं 'स्त्रीधर्मनीति' ताराबाईंच्या मानाने फार सौम्य, काही ठिकाणी तर उपदेशाचा डोस वाटतो: नवऱ्याशी कसं वागावं, घर कसं ठेवावं, आळस कसा सोडावा. आज वाचताना मी दोनदा मिटलं. पण ते खपलं, आणि त्याच पैशाचा आधार घेऊन बाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. हंटर कमिशनपुढे त्यांनी स्त्री डॉक्टर आणि स्त्री शिक्षिका हव्यात म्हणून दिलेली साक्ष पार राणीच्या दरबारापर्यंत पोचली असं म्हणतात. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात निघालं आणि त्याच्या जोरावर अमेरिकेतून निधी उभा राहिला. त्यातून १८८९ ला मुंबईत शारदा सदन, विधवांसाठीची शाळा.

मग छापखान्याचं म्हणाल तर रमाबाईंकडे स्वतःचा छापखाना होता! केडगावला, मुक्ती मिशनमध्ये. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत बायका काम करायच्या. दुष्काळातून आणलेल्या, टाकून दिलेल्या बायका. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथेच छापलं गेलं. त्या स्वतः १९२२ मध्ये गेल्या, पण काम पुरं करून गेल्या.

तर शाळा आहे, छापखाना आहे, परदेशी पैसा आहे, वारस आहेत. आणि तरीही मराठी वाचक रमाबाईंना वाचत नाही. का? धर्मांतर केलं म्हणून. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुण्याने पाटी पुसली. ज्या शारदा सदनाचं आधी कौतुक झालं त्याच्यावर नंतर केसरीतून मोहीम चालली. म्हणजे साधनं असून भागत नाही. समाजाला तुम्ही 'आपले' वाटावे लागता.

दप्तरदार

सुलभाताई, हा प्रतिसाद मुख्य धाग्यापेक्षा चांगला आहे. सिद्धांत तुटतो असं मी म्हणणार नाही, पण त्याला एक पाय जोडावा लागेल. साधनं हवीत आणि ती साधनं ज्यांच्या हातात आहेत त्यांना तुम्ही वारसा म्हणून हवे असायला हवेत. ताराबाईंना कोणत्याच गोटाला वारसा म्हणून घ्यायचं नव्हतं. ब्राह्मण सुधारकांना ती बाहेरची. आणि सत्यशोधकांना? इथेच खरी गंमत आहे.

फुले एकटे तिच्या बाजूने उभे राहिले. १८८५ मध्ये 'सत्सार' या पुस्तिकेचे दोन अंक काढले. पहिल्यात पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली, दुसऱ्यात ताराबाईंची. 'चिरंजीविनी ताराबाई शिंदे' असा तिचा उल्लेख करून तिच्या निबंधाला नावं ठेवणाऱ्या पत्रकर्त्यांना झोडपलंय. लक्षात घ्या, यात बहुजन समाजातले, स्वतःच्या चळवळीतले लोकही होते. भूमिपुत्र, जलशांतून भटजीचं सोंग आलं, सावकाराचं आलं. घरातल्या नवऱ्याचं सोंग किती जलशांतून आलं?

भूमिपुत्र

प्रश्न बोचरा आहे पण रास्त आहे. जलशांत हुंडा, बालविवाह, लग्नातला खर्च, विधवांचे हाल यावर बोललं जायचं. पण 'तू, समोर बसलेला पाटील, तू घरी काय करतोस' असं कमी. सत्यशोधकी साहित्यात शत्रू बहुतेक वेळा गावाबाहेरून किंवा वाड्यावरून येतो, स्वतःच्या माजघरातून क्वचित. जोतीराव-सावित्रीबाई अपवाद, म्हणून तर ते जोतीराव-सावित्रीबाई.

बाकी फुल्यांना स्वतःलाही हा अनुभव आलाय. त्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ १८८३ च्या जुलैत पुरा झाला. पहिली दोन प्रकरणं 'दीनबंधू'त आली आणि पुढे थांबली. 'दीनबंधू' तेव्हा नारायण मेघाजी लोखंड्यांकडे, म्हणजे घरचंच पत्र. तरी पुढची प्रकरणं छापायची हिंमत झाली नाही. जोतीरावांनी काय केलं? जुन्नर, ओतूर, हडपसर अशा गावोगावी बसून स्वतः वाचून दाखवलं. बडोद्याच्या सयाजीरावांनी ऐकून घेतलं. पूर्ण पुस्तक छापून यायला विसावं शतक उजाडलं. आणि तरीही 'विद्येविना मति गेली' ही त्यातली ओळ आज महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक झेडपी शाळेच्या भिंतीवर आहे. छापखान्याविना.

कोकणचो_चेडो

भिंतीवर आहे खरं, पण त्याखालचं पुस्तक किती मास्तरांनी उघडलंय? आमच्या शाळेतही होती. त्या खालीच उभं करून अंगठे धरायला लावायचे. :D

सुधारक_विचार

आगरकरांवर अन्याय होऊ नये म्हणून एक नोंद. १८८२ चं डोंगरीवरचं पुस्तक म्हणजे निव्वळ तुरुंगवासाची हकिकत नाही. दोन पंचविशीतले मित्र एका खोलीत डांबलेले, वाद इतके मोठ्याने घालायचे की पहारेकऱ्यांनी दटवावं. पुढे ज्या वादावरून दोघांची कायमची फारकत झाली त्याची बीजं तिथे दिसतात. तिथेच बसून शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चं भाषांतर केलं, ते 'विकारविलसित' म्हणून पुढच्या वर्षी आलं. केसरीचे पहिले संपादक तेच. १८८७ मध्ये सोडलं, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला.

आणि भूमिपुत्र यांच्यासाठी मुद्दाम: याच कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना जामीन कोणी दिला? रामशेट बापूशेट उरवणे. जोतीरावांचे स्नेही, सत्यशोधक. दहा हजार रुपये, १८८२ सालचे. जोतीरावांच्या शब्दावर दिले. ज्यांच्या गुरूने, चिपळूणकरांनी, फुल्यांची टर उडवली त्यांच्यासाठी. हा प्रसंग आजच्या दोन्ही बाजूंच्या भाषणांत गैरसोयीचा असतो म्हणून कोणीच फारसा सांगत नाही.

भूमिपुत्र

आम्ही सांगतो. त्या बाजूने विचारा.

अटलांटिकपार

न्यू जर्सीतून. माझी मुलगी इथे कॉलेजात आहे, मराठी बोलते पण वाचायला अडखळते. मागच्या वर्षी फोनवर म्हणाली, 'बाबा, ताराबाई शिंदे कोण माहीत आहे का?' तिच्या दक्षिण आशियाच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात होतं, रोझलिंड ओ'हॅन्लन यांचं १९९४ चं इंग्रजी भाषांतर. मी पुण्यात शिकलेला, मराठी माध्यम, शाळेत निबंधमालेतला उतारा पाठ केलेला. मला माहीत नव्हतं.

पंतोजींच्या ताम्रपटाबद्दल: ताम्रपट वाचून कोणाची भूमिका बदलत नाही. इथे त्या वर्गातल्या मुली त्या पुस्तकावरून भांडल्या म्हणे. बंगाली, तमिळ, पंजाबी, अमेरिकन. एकीचं म्हणणं, ही बाई पतिव्रता धर्मावर विश्वास ठेवते, मग स्त्रीवादी कशी? दुसरीचं म्हणणं, तोच धर्म ती पुरुषाच्या गळ्यात बांधते, ते बघ. १८८२ मध्ये जो वाद व्हायला हवा होता तो आता होतोय. उशिरा झाला म्हणून तो प्रभाव नव्हे का?

पंतोजी_नाशिक

तो प्रभाव मान्य. पण तो १९७५ नंतरचा, मालश्यांच्या आवृत्तीचा. आंतरराष्ट्रीय महिला वर्ष, स्त्रीमुक्ती संघटना, नवे अभ्यासक्रम या सगळ्याने मिळून एक वाचक तयार झाला, आणि त्या वाचकाला एक पूर्वज हवी होती. ती सापडली. म्हणजे पुस्तकाने चळवळ घडवली नाही, चळवळीने पुस्तक घडवलं. यात पुस्तकाचा कमीपणा नाही. पण १८८२ च्या खात्यात ते जमा करू नका.

अवांतर: त्या काळात स्त्रीच्या दुःखावर वाचक खरोखर रडला तो दहा वर्षांनी, हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती तेव्हा. घराघरांत तिच्या नायिकेची, यमूची वाट बघितली जायची. निबंधाने जे जमलं नाही ते कादंबरीने केलं.

उंबराचं_फूल

यमूसाठी रडणं सोपं होतं हो. यमू सोसते. केशवपन होतं, झिजून मरते, वाचक डोळे पुसतो आणि जेवायला बसतो. ताराबाई सोसत नाहीत, उलटून विचारतात. आजही रडणारी बाई छापायला सोपी आणि विचारणारी अवघड.

शिवाय हे आधीही झालंय. १८५५ मध्ये मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. आम्हाला धर्मग्रंथ वाचायचा अधिकार नाही, मग आमचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल. तो टिकला कारण मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय'ने छापला आणि त्यांच्या फायली नीट राहिल्या. तिने पुढे काय लिहिलं? काहीच हाती नाही. चौदाव्या वर्षी असं लिहिणारी मुलगी तिसाव्या वर्षी काय लिहिती झाली असती, हा विचार मला निबंधमालेच्या ८४ अंकांपेक्षा जास्त छळतो.

पंतोजी, तुमचं 'चळवळीने पुस्तक घडवलं' हे मला पटतं. पण मग निबंधमालाही केसरीने आणि फर्ग्युसनने घडवलीच की. ते मात्र तुम्ही १८८२ च्या खात्यात बिनव्याजी जमा करताय.

बुलढाण्याचा_पोट्टा

लाखमोलाची गोष्ट बोललात ताई!

दप्तरदार

पंतोजी, उत्तर येऊ द्या. तोवर ज्यांना 'स्त्रीपुरुषतुलना' वाचायची आहे त्यांच्यासाठी: मालशे यांनी संपादित केलेली आवृत्ती ग्रंथालयात मिळते. भाषा एकोणिसाव्या शतकातली असली तरी अडत नाही. बोलीचा ठसका इतका आहे की मोठ्याने वाचलं की आपोआप लागते.

उंबराचं_फूल

आणि जमलं तर आधी 'मुक्तामाला' आणि 'मंजुघोषा' चाळून घ्या. एक हळब्यांची १८६१ ची, दुसरी रिसबुडांची १८६८ ची. तेव्हाच्या गाजलेल्या कादंबऱ्या. ताराबाई त्यांची इतकी सालटी काढतात की मूळ माहीत नसेल तर निम्मी मजा जाते. खऱ्या बायका आजूबाजूला मरतायत आणि तुम्ही कसल्या अद्भुत नायिका रंगवताय, असा सगळा रोख.

पंतोजी_नाशिक

व्याजाचा हिशेब उद्या सवडीने देतो, मुद्दा सोडलेला नाही. पण 'मंजुघोषा' वाचायची शिक्षा देऊ नका ताई. एम.ए.ला एकदा भोगली आहे.